आहे की होती

शेरवानीच्या त्या बटणाला चार भोकं होती आणि त्यातलं एक फुटून शेजारच्याला मिळालं होतं, त्यामुळे दोरा कुठूनही घातला तरी त्याच मोठ्या भोकात घसरायचा… मनकर्णेनं सुई पुन्हा ओढली, दोरा ताणून पाहिला, आणि समोर नुसत्या सदऱ्यावर बसलेल्या दादांनी म्हटलं, "हं. म्हण पुन्हा."

"आय ॲम अ विडो." तिनं सुईवरची नजर काढली नाही.

"बराबर. ते मधलं अ खायचं न्हाई. अ म्हणजे एक. अशा पुष्कळ असतात, त्यांच्यातली एक."

अशा पुष्कळ असतात… दादांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं होतं, आणि थोडं हलकंही. मराठीत तिला कुणी पुष्कळांतली एक म्हणून सोडलं नव्हतं. सासरी, हट्ट्याला, नवरा पटकीनं गेला त्या दिवसापासून त्या आळीत जणू ती एकटीच तशी होती — सकाळी दारात उभी राहिली तर शेताला निघालेला माणूस पायात काही रुतल्यासारखा थांबायचा, आणि ती आत सरकली की चालू लागायचा. इंग्रजीतला तो एवढासा अ मात्र पुढं येऊन तिला हळूच पंगतीत बसवून द्यायचा.

दादा, म्हणजे तातेराव, औंढ्याच्या शाळेत मास्तर होते. गेली दोन वर्षं संध्याकाळी वहिनी भाकरी थापत असताना चुलीच्या उजेडात ते बहिणीला इंग्रजी शिकवत आले होते, सुरुवातीला तिचं मन रमावं म्हणून, आणि आता कारण मिळालं होतं म्हणून. हिंगोलीला जुन्या छावणीच्या बाजूला बायकांचा दवाखाना निघाला होता. डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि खेड्यातल्या बाया आपलं दुखणं पुरुष माणसाच्या तोंडून सांगायला तयार नव्हत्या. दोन्हीकडची भाषा जोडणारी बाई हवी होती. राहायला खोली मिळणार होती. खोली हा शब्द वहिनीनं ऐकला तेव्हा तिचा हात परातीत क्षणभर थांबला होता, आणि मग ती फार मायेनं म्हणाली होती, "आपलं घर हायेच की." वहिनी वाईट असती तर जाणं किती सोपं झालं असतं…

"दुसरं. पोर असतानाचं."

"ॲज अ गर्ल आय लिव्ह्ड इन औंढा."

"बायको असतानाचं."

"ॲज अ वाइफ आय लिव्ह्ड इन हट्टा."

"आता काम मिळाल्यावरचं."

"ॲज अ हेल्पर आय विल वर्क इन हिंगोली."

दादा खूश झाले. हे ॲज शिकवताना ते स्वतःच अडखळले होते — असताना म्हणजेही ॲज, आणि म्हणून म्हणजेही ॲज, असं कसं, ते तिनंच विचारलं होतं. तिच्या लेखी हे दोन शब्द अगदी निराळे होते. पोर असताना, सासुरवाशीण असताना, हे नदीच्या पाण्यासारखं येतं आणि जातं. पण सून म्हणून, रांडमुंड बाई म्हणून, यात कुणीतरी म्हणणारं लागतं. 'म्हणून' या शब्दात तो म्हणणारा दबा धरून बसलेला असतो. इंग्रजी ॲजमध्ये कुणीच बसलेलं नव्हतं. रिकाम्या ओसरीसारखा शब्द…

तिनं दोरा दातानं तोडला.

दादांच्या वाक्यांत एक वाक्य नव्हतं. ते विसरले नव्हते. असं वाक्य असू शकतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्या वेळी ते शिकायला औरंगाबादला होते आणि घरून त्यांना जे कळलं ते एवढंच, की हट्ट्याला मनूला मुलगी झाली होती. होती. एकाच निरोपात झाली आणि होती. बारशाच्या आधीच गेली, नाव नव्हतं, त्यामुळे रडायला कुणी आलं नाही. सासू म्हणाली, पुढच्या वेळी टिकेल. पुढची वेळ आलीच नाही, नवराच गेला. नाव मात्र होतं. मनकर्णेनं ते बाळंतिणीच्या खोलीत, बाजेवर, शेकशेगडीचा धूर डोळ्यांत जात असताना ठरवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण नाव बाराव्या दिवशी आत्यानं ठेवायचं असतं, आईनं नाही.

एकदा भांडी घासताना तिनं ते वाक्य जुळवून पाहिलं होतं. आय वॉज अ मदर. दादांनी ऐकलं असतं तर बराबर म्हणाले असते. वाक्यात काहीच चूक नव्हती, आणि तरी राखेचा हात तसाच तांब्याला धरून ती बसून राहिली होती… वॉज. बायको होते, हे खरं; नवरा गेला की बायकोपण जातं, ते लोक येऊन उतरवूनच नेतात, बांगड्यांसकट. पण हे कुणी उतरवलं? कधी? मी तेव्हा कोण होते, आणि मग कोणत्या घटकेपासून नव्हते? आणि आय ॲम म्हणावं, तर कुणाची, कुठे आहे, दाखव… दादांना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे ते सगळं चुलीपुढं काढावं लागलं असतं, वहिनीच्या भाकरीसमोर.

आज डॉक्टरीणबाईंना भेटायला जायचं होतं; हिंगोलीची मोटार वेळेवर आली. दादांनी वाटेत आणखी दोनदा वाक्यं म्हणून घेतली, मग बटण लावलेल्या त्या शेरवानीतच त्यांना झोप लागली.

डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी दादांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, मनकर्णेला नाव विचारलं, ते आपल्या जिभेवर एकदा घोळवून पाहिलं, आणि बाकी काही न विचारता "कम" म्हणून पडद्याआड गेल्या. तिथं खाटेवर एक धनगराची बाई बसली होती, पंचफुलाबाई. सातवा महिना असावा. पाय सुजलेले, लुगड्याला मेंढरांचा वास, आणि नजर दाराबाहेर घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. मनकर्णा पुढं झाली तशी त्या बाईची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली, थांबली. मनकर्णा ओळखत होती ते थांबणं. ती आपणहून पावलभर मागं सरली.

"आस्क हर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इज इट द फर्स्ट चाइल्ड?"

"पहिलंच हाय का, विचारून राहिल्यात."

पंचफुलाबाईनं पदर पुढं ओढला. मग पदराच्या काठाशी बोलल्यासारखं, अगदी खाली म्हणाली, "दोन झाले. एक जल्मताच, वल्या अंगानंच गेलं. दुसरं हसायला लागलं व्हतं." आणि वर बघून तिनं विचारलं, "ते धरायचे का, बाई?"

धरायचे का…

बाहेर कुणीतरी रहाटानं पाणी काढत होतं. मनकर्णेच्या तोंडात दादांची सगळी वाक्यं एकदम गोळा झाली, मुलगी, बायको, विधवा, मदतनीस. आणि त्यातलं एकही इथं उपयोगाचं नव्हतं. हसायला लागलं होतं. हिचं हसायला लागलं होतं. माझं नुसतंच बघायचं… दिव्याकडे बघायचं.

"धरायचे," ती म्हणाली.

मागं सरलेलं पाऊल आपसूक पुढं आलं होतं. पंचफुलाबाईनं तिचं मनगट धरलं, घट्ट, मेंढरू धरतात तसं, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे वळून मनकर्णेनं सांगायला सुरुवात केली. शी… इथं ती थांबली. इज आणि वॉज दोन्ही जिभेवर होते. वॉज म्हटलं असतं तरी डॉक्टरीणबाईंना समजलं असतं, कदाचित तेच बरोबर होतं.

"शी इज अ मदर," ती म्हणाली. "टू चिल्ड्रन. डेड."

"थर्ड, देन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि हात धुवायला वळल्या.

एवढंच. तिसरं. दोन्ही मुलं त्या एका आकड्यात जागा करून बसली होती. त्यानंतर कितीतरी बाया आल्या; कुणाचं काय दुखत होतं, ते तिनं इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करून सांगितलं. पुष्कळ ठिकाणी अडली, हातानं खुणा केल्या. विडो हा शब्द कुणी विचारला नाही. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वरून मंजुरी यायची आहे, येईल किंवा येणार नाही, कळवू.

परतीच्या मोटारीत दादा बराच वेळ धीर धरून होते. औंढ्याच्या देवळाचा कळस दिसू लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग? काय विचारलं बाईनं?"

"पहिलं का, म्हणून विचारलं."

"पहिलं काय?"

"लेकरू."

दादांना वाटलं, रोग्याचं सांगते आहे. "मग तू काय सांगितलंस?"

"न्हाई म्हणलं," मनकर्णा म्हणाली. "पहिलं न्हाई."

"बराबर," दादा म्हणाले, आणि उतरायचं आलं म्हणून पिशवी मांडीवर घेतली.

बाहेर हरभरा काढलेली रानं मोकळी पडली होती. काम मिळेल की नाही याचा विचार करायला हवा होता, आणि तो येत नव्हता. तिच्या तोंडात एक नाव आलं होतं, कधी मोठ्यानं न म्हटलेलं. ते परत आत लोटावं असं आज तिला वाटलं नाही. दादांनी आणखी काही विचारलं असतं तर तिनं ते सांगितलं असतं का, हे तिचं तिलाच कळेना. दादांनी विचारलं नाही. ते नाव तसंच ओठांच्या आतल्या बाजूला धरून ती बसून राहिली, आणि मोटार गावात शिरताना कुणी दारातून पाहील म्हणून चेहरा आत घ्यायचा असतो, तो तिनं घेतला नाही.