मेंढपाळाने बसवलेलं बर्फाचं पातं

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, जुनैद परकार याने सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या सहाशे मीटर रस्त्यावरचा बर्फ हटवला.

असं काही घडलेलं नाही. कागदोपत्री तर नाहीच, आणि परदेशात जे कागदावर नसतं ते घडलेलं नसतं. तेव्हा वरचं वाक्य वाचणाऱ्याने कृपा करून विसरावं. आपण मेंढीपासून सुरुवात करू.

गावाबाहेर सनाइया आहे, म्हणजे गॅरेजांची वस्ती. तिथल्या तेवीस नंबरच्या गॅरेजात, कॉम्प्रेसरच्या बाजूला, एक मेंढी बांधलेली असे. गॅरेज चालवायचा जुनैद. मूळचा दाभोळच्या खाडीकाठचा, हाडाचा डिझेल मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून गाडीच्या मालकाचा स्वभाव सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. पण त्याच्या इकाम्यावर, म्हणजे या देशात राहायच्या परवान्यावर, व्यवसाय लिहिला होता 'मेंढपाळ'. सहा वर्षांपूर्वी तेवढाच एक व्हिसा शिल्लक होता. उद्या कोणी तपासायला आलं तर निदान कळप तरी दाखवता यावा, म्हणून मेंढी. एकच होती, म्हणून जुनैदने तिचं नावच 'कळप' ठेवलं होतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि जुनैद सहा वर्षं हसतच होता. पण मेंढपाळाला बायकोमुलं आणता येत नाहीत, मेकॅनिकला येतात, असं परवान्याच्या ऑफिसातल्या माणसाने त्याला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर हात जोडून. मेहनाज गावी होती. लाइबा पाच वर्षांची झाली होती, आणि बापाने तिला सगळ्या सुट्ट्या मिळून एकशे बारा दिवस पाहिलं होतं. इकाम्यावरचा तो एक शब्द बदलायचा, एवढंच जुनैदला आयुष्याकडून हवं होतं.

शब्द बदलणं कफीलाच्या हातात. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण या देशात उभे असतो तो. जुनैदचा कफील म्हातारा होता, सगळे त्याला अबू हम्माद म्हणत आणि जुनैद बाबा म्हणे. बाबाने फोनवरच्या सरकारी ॲपवर एक बोट टेकवलं की काम खलास. पण बाबा कुठलंही बोट कुठेही सहजासहजी टेकवणारा नव्हता.

त्याचा मुलगा हम्माद नेमका उलटा. लिलाव दिसला की याचं बोट आपसूक उठायचं. मागच्या वर्षी त्याने फौजेचा भंगारात काढलेला सहाचाकी ट्रक घेतला होता, जुनैदच्या वयापेक्षा मोठा. यंदा इंटरनेटवर रस्ता साफ करायचं एक पोलादी पातं घेतलं. "थोडंच वापरलेलं, थंड जागी ठेवलेलं" असं जाहिरातीत होतं. दम्मामच्या बंदरातून पेटी आली, उघडली, तर आत नारिंगी रंगाचं तीन मीटर रुंद पातं, आणि माहितीपुस्तकावर केसाळ टोपी घातलेला एक आनंदी माणूस.

जुनैदने चित्र बघितलं. मग हम्मादकडे बघितलं.

"हे बर्फ हटवायचं आहे."

हम्माद हिंदी, अरबी आणि हातवारे अशा तीन भाषांत एकदम बोलत असे. त्याचं म्हणणं असं पडलं की बर्फ पांढरा, वाळू पिवळी, बाकी फरक काय. दोन्ही रस्त्यावर पडतात.

"शेठ, बर्फ आपोआप वितळतो."

"म्हणून तर त्यांना याची गरजच नव्हती. विकून टाकलं."

जुनैदने माहितीपुस्तक मिटलं आणि टेप घेऊन पात्याची मापं काढायला बसला.

पात्याचं कारण मात्र खरं होतं. बाबाची शेती हायवेपासून चार किलोमीटर आत. वाऱ्याने मधला रस्ता वाळूखाली गेला होता, पाण्याचा टँकर आत जात नव्हता, आणि खजुराची झाडं पानं टाकत होती. बाबाने दोघांना समोर बसवलं, तीन-तीन पेले कॉफी पाजली आणि निकाल दिला. गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत रस्ता उघडा झाला, तर तो जुनैदला मेकॅनिक करील. नाही झाला, तर शुक्रवारच्या हराजात, म्हणजे जुन्या मालाच्या बाजारात, ट्रक, पातं आणि गॅरेजातली सगळी हत्यारं लिलावाला जातील, आणि मेंढपाळ मेंढ्या राखायला जाईल. शेतावर चाळीस मेंढ्या होत्या.

"खऱ्या," बाबा म्हणाला.

त्या आठवड्याच्या सुट्टीला शिरीष साहेब अल-खोबरहून आले. हे नाशिकचे इंजिनियर, तेलाच्या कंपनीत. तीन वर्षांपूर्वी हायवेवर त्यांची गाडी बंद पडली होती आणि ते तिला शुद्ध मराठीत शिव्या घालत असताना मागून आवाज आला होता, "साहेब, शिव्या बरोबर आहेत, पण त्या रेडिएटरला द्या." तेव्हापासूनची दोस्ती.

शिरीष साहेबांनी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"चासीला वेल्डिंग नाही करायचं, जुनैद. तडे जातील. छिद्रं पाड, जाड प्लेट घे आणि बोल्ट मार."

"ते मलाही कळतं साहेब. मेंढपाळ असलो म्हणून काय झालं."

दोन दिवस दोघे खपले. पात्याच्या चौकटीची छिद्रं आणि ट्रकच्या पुढच्या चासीची छिद्रं यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. मध्ये लोखंडी चॅनलचे दोन हात कापून, बोल्ट मारून ते नातं जुळवलं. पातं वर-खाली करायची मोटर निघाली बारा व्होल्टची, ट्रक चोवीसचा. ट्रकात दोन बॅटऱ्या जोडून होत्या. जुनैदने एकीवरूनच वायर घेतली.

"एकच बॅटरी उतरत जाईल रे," शिरीष साहेब म्हणाले.

"दर जुम्म्याला अदलाबदल करू. जोडीतल्या एकाच बैलाला किती राबवायचं."

पात्याच्या वजनाने ट्रकने नाक जमिनीला लावलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगांत दोन पट्टे वाढवले आणि मागे हौद्यात वजन म्हणून तीस पोती भरली. कशाची? वाळूची. वाळू हटवायला निघालेला ट्रक आधी दीड टन वाळू घेऊन निघणार होता. शिरीष साहेबांनी पोती दोनदा मोजली.

आणि पात्याच्या खाली, दोन्ही टोकांना, लोखंडी बशा होत्या. जाड दांड्यावर बसवलेल्या, जेवणाच्या ताटलीएवढ्या. जुनैदने त्या बघताक्षणी ओळखल्या: बोटीतून येताना पात्याची धार आपटू नये म्हणून लावलेलं पॅकिंग. कोकणातून येणाऱ्या आंब्याच्या पेटीत जो पेंढा असतो तोच हा, फक्त लोखंडी. त्याने पेंढा काढावा तशा त्या काढल्या. एक दाराला अडसर म्हणून लावली, दुसरीत कळपासाठी मिठाचा खडा ठेवला. साहेब तेव्हा चहा घेत होते.

मंगळवारी दुपारी अडीचला आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या.

या भागात कधीमधी पडतात. पण या अशा पडल्या की दहा मिनिटांत सनाइयाचा रस्ता पांढरा, वर घोट्याइतका थर. गाड्या घसरून एकमेकींच्या कुशीत शिरल्या. सगळी गॅरेजं दारात आली. आणि सगळ्यांच्या माना हळूहळू तेवीस नंबरकडे वळल्या.

"यल्ला, चल," हम्माद अगदी हळू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या लिलावाला अर्थ आला होता, आणि त्याला ते सहन होत नव्हतं.

जुनैदने ट्रक काढला. पातं खाली टेकवलं. डांबराला घासत ते असं काही हलकेच गेलं, जसा सुईणीचा हात. बर्फ बाजूला लोळत पडत गेला. सहाशे मीटर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी अजान वाटावी इतक्या मनापासून "माशाल्ला" म्हणालं. जुनैदने त्याच तंद्रीत घरी व्हिडिओ कॉल लावला.

"लाइबा, बघ. अब्बा स्नो काढतो."

पडद्यावर फक्त त्याचा कान आला. लाइबाने कानाकडे नीट निरखून पाहिलं.

"स्नो कुठाय?"

तेवढ्यात नेट गेलं. पाऊण तासात ऊन आलं, गारा वितळल्या, रस्ता कोरडा झाला. हम्मादने पूर्ण काम चित्रित केलं होतं. व्हिडिओ उघडला तर सहा मिनिटं त्याचाच अंगठा. बाबा आला, कोरड्या रस्त्याकडे बघितलं, टाळ्या वाजवणाऱ्या सतरा जणांची साक्ष ऐकली.

"ते असंही वितळलंच असतं," तो म्हणाला. "वाळू वितळत नाही."

म्हणजे ते घडलं नाही. वर सांगितलंच होतं.

बुधवारी सकाळी ट्रक शेताच्या रस्त्यावर उभा राहिला. टायरची हवा कमी केली, पातं मंगळवारसारखंच खाली टेकवलं, क्लच सोडला. बारा फूट. पात्याने वाळूत तोंड खुपसलं आणि ते खाली खालीच जायला लागलं. ट्रकची मागची चाकं रुतली, पुढची अधांतरी झाली. मजुरांची टोळी आणून, ओढून बाहेर काढायला दुपार झाली. दुसऱ्यांदा नऊ फूट. तिसऱ्यांदा तर ट्रकनेच नकार दिला.

शिरीष साहेब फोनवर म्हणाले, "बर्फापेक्षा वाळू सात-आठपट जड असते. ते पातं कापूस पिंजायचं आहे आणि तू त्याने खडी फोडतोयस. सोडून दे, जुनैद."

"सोडलं तर चाळीस मेंढ्या आहेत, साहेब. त्यांची नावं ठेवेपर्यंतच पोरगी लग्नाला येईल."

साहेबांनी उठून मधलं दार हळूच लोटलं. त्यांची मुलगी रुचा अल-खोबरला शेजारच्या खोलीत त्यांच्याच लॅपटॉपवर गृहपाठ करत होती.

मेहनाजचा फोन आला तेव्हा जुनैद कळपाशेजारी जमिनीवर बसला होता.

"लाइबा सगळ्या शाळेत सांगत फिरतेय," मेहनाज म्हणाली. "माझा अब्बा स्नोचा ट्रक चालवतो. बाई मला विचारत होत्या, तुमचे मिस्टर सौदीलाच आहेत ना."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कागदावर मेंढपाळ आहेत. बाईंनी पुढे काही विचारलंच नाही." ती थोडी थांबली. "काम होईल ना हो?"

जुनैदची नजर कळपावर गेली. कळपाने मीठ चाटून संपवलं होतं आणि आता ती बशी नाकाने ढकलत होती. बशी उलटली. तिची खालची बाजू घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली होती, कडेला गोल झिजलेली.

पॅकिंग कशाला घासेल? आंब्याच्या पेटीतला पेंढा कधी झिजतो का?

अशी झिजलेली वस्तू त्याने आयुष्यात एकच पाहिली होती. लावणीच्या आधी त्याचा बाप बैलांमागे फळी बांधून तिच्यावर उभा राहायचा आणि खाचरातला चिखल सपाट करायचा. त्या फळीचं पोट असंच गुळगुळीत होतं. लहानपणी जुनैदने एकदा फळीवर सगळा भार पुढे दिला, फळी चिखलात घुसली आणि तो तोंडावर पडला. बाप हसून म्हणाला होता, "दाबशील तर रुतशील. तिला तरंगव. एका फेरीत शेत होत नाय."

"मेहनाज, मी नंतर फोन करतो," जुनैद म्हणाला. "होईल असं वाटतंय."

दुसरी बशी दारातून काढली. दार आपटून बंद झालं, जे ते चार दिवसांत झालं नव्हतं. दोन्ही बशा पात्याखाली पुन्हा बसल्या, मुळात होत्या तिथेच. त्या पात्याचे पाय होते. पातं जमिनीपासून वर धरायला.

गुरुवारी पहाटेच्या नमाजानंतर ट्रक निघाला. हौद्यात पोत्यांवर कळप बसली होती, कारण मेंढपाळाने कळप मागे सोडून जायचं नसतं, निदान आजचा दिवस तरी. जुनैदने पातं तिरकं केलं, वीतभर वर ठेवलं, आणि वाळूचा फक्त वरचा थर घेतला. पातं रुतलं नाही. बशांवर घसरत, खाचरातल्या फळीसारखं तरंगत गेलं. मग परत. पुन्हा थोडं खाली. पुन्हा परत.

"ही कुठली पद्धत?" हम्मादने विचारलं. "एकच रस्ता किती वेळा?"

"भाताची," जुनैद म्हणाला.

हम्मादला वाटलं हे जेवणाबद्दल आहे. त्याने जाऊन बिर्याणी आणली.

अकरा फेऱ्या लागल्या. नवव्या फेरीला एका बॅटरीने मान टाकली, म्हणून ती दुसरीशी बदलली. दुपारी चारच्या सुमाराला पात्याखालून बशा डांबरावर खरखरल्या, आणि त्या आवाजाने जुनैदच्या अंगावर काटा आला. मावळतीला अर्धा तास असताना पाण्याचा टँकर त्या रस्त्याने हॉर्न देत शेतात गेला. बाबा खजुरांच्या कडेला उभा होता. त्याने टँकरकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, हौद्यातल्या मेंढीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि बोट टेकवलं.

"मेकॅनिक," तो म्हणाला. "मेंढी माझ्या शेतावरची. परत दे."

जुनैदने मेंढी परत दिली नाही. ही एक वेगळी वाटाघाट आहे आणि ती अजून चालू आहे.

मे महिन्यात नवा शब्द घेऊन इकामा आला. जूनमध्ये मेहनाज आणि लाइबाचा व्हिसा झाला. तारीख कळवायला जुनैदने फोन केला, तर लाइबाने स्वेटर आधीच भरून ठेवला होता. हातमोजेसुद्धा, शेजारच्या बाईंनी विणून दिलेले, नारिंगी.

"अब्बा, मी आले की स्नो काढायचा. मी पुढे बसणार."

जुनैदने आकाशाकडे बघितलं. सेहेचाळीस अंश. मग त्याने शिरीष साहेबांना फोन लावला, कारण अर्ज लिहिण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

"मराठीत लिहिला तर कोण वाचणार रे?" साहेबांनी विचारलं.

"अरबीत लिहिला तरी कोण देणार आहे साहेब? मराठीतच लिहा, निदान मला तरी कळेल."

तो अर्ज असा:

प्रति, मा. संचालक, हवामान विभाग.

विषय : गारा मंजूर करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार श्री. जुनैद परकार, व्यवसाय मेकॅनिक (पूर्वी मेंढपाळ), यांची कन्या कु. लाइबा ही येत्या अठरा तारखेस हातमोज्यांसह दाखल होत आहे. तरी त्याच दिवशी, दुपारी अडीच ते सव्वातीन या वेळेत, सनाइया गॅरेज क्रमांक तेवीससमोरील रस्त्यावर, किमान घोटाभर जाडीच्या गारा टाकण्यात याव्यात. शेजारच्या गॅरेजांची हरकत नाही, तसे सतरा जणांच्या सह्यांनिशी जोडले आहे. गारा हटवण्याची संपूर्ण व्यवस्था अर्जदार स्वतः, बशांसह, करील. यापूर्वी अशा प्रकारच्या गारा कधीही पडलेल्या नसल्याने मागील संदर्भ क्रमांक देता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

सदर प्रकरणी सहानुभूतिपूर्वक विचार होऊन मंजुरीचे आदेश त्वरित निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.

सोबत : मेंढीचा फोटो, एक प्रत.