शू-डॉक्टर आणि पाऊण पगार

मुलांच्या किडनी विभागात मी सत्तावीस वर्षं सिस्टर आहे. इतक्या वर्षांत डॉक्टर पुष्कळ पाहिले, पण मुलांनी स्वतःहून नाव ठेवलेली डॉक्टर एकच. आमच्या मॅडम. आलेल्या पोराला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय राजे, शू कशी होते?" म्हणून त्या शू-डॉक्टर.

किडनीला सूज आली की नेमकं काय बिघडलंय हे बघायला पाठीतून सुई घालून इवलासा तुकडा काढावा लागतो. पोरं किंचाळतात, आया बाहेर भिंतीला टेकून रडतात. मॅडमना वाटायचं, हे लघवीच्या तपासणीतूनच कळायला हवं. सात वर्षं त्या जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत पळत होत्या. डबा उघडायला वेळ नसायचा. मी ओरडले की म्हणायच्या, "सिस्टर, दोन घास खाल्ले की!" डब्याचं वजन माझ्या हाताला कळायचं.

मग एक दिवस पत्र आलं. डॉक्टरांनी संशोधनही करावं म्हणून एक संस्था पाच वर्षं पगाराचा पाऊण भाग देते, ते मॅडमना मिळालं. अट एकच: पाऊण वेळ संशोधनाला, पेशंट फक्त पाव वेळ. मॅडमनी माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. त्यांचं चष्म्याचं दुकान. पलीकडून आवाज आला, "म्हणजे आजपासून माझी बायको पाव डॉक्टर?" मॅडम हसता हसता रडायला लागल्या.

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी फायली घेऊन विभागप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या सरांच्या खोलीत गेले, तर मॅडम मान खाली घालून बसलेल्या.

"पाऊण म्हणतात, पण त्यांनी पगाराला मर्यादा घातलीय," सर सांगत होते. "तुझा पगार तिच्या वर जातो. मधली फट विभागानं भरायची. शिवाय तुझी बुधवार-गुरुवारची ओपीडी बघायला बदली डॉक्टर हवा. एकाची सोय आहे माझ्याकडे, दोन्हीची नाही."

"मग माझा पगार कमी करा, सर."

"नीट वाच. पगार कमी करायचा नाही, असं त्यांनीच लिहिलंय." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि लिहिलं नसतं तरी केला नसता. एवढं राबून वर अर्ध्या पगारावर?"

शुक्रवारपर्यंत संस्थेकडे सरांची सही जायला हवी होती. मॅडम "राहू दे मग" म्हणाल्या आणि उठल्या. दुपारी बघते तर त्या प्रयोगशाळेतला फ्रीज आवरत होत्या. सात वर्षांच्या नमुन्यांच्या बाटल्या एकेक पुसून, नाव वाचून परत ठेवत होत्या.

गुरुवारी मी सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिले. "सर, बदली डॉक्टर घेतलाच नाही तर फट भरता येईल ना?"

"येईल. आणि ओपीडी कोण बघणार? तुम्ही?"

"तुम्ही."

सर मोठ्यांदा हसले. सहा वर्षांत ते ओपीडीत बसले नव्हते. "आणि माझ्या मीटिंगा?"

"मीटिंगमध्ये कुणाला ताप नसतो, सर."

त्यांचं हसू थांबलं. "सिस्टर, तुम्ही फार बोलता," म्हणाले आणि शुक्रवारी सही केली. वॉर्डचं काम बाकीच्या दोघा डॉक्टरांनी वाटून घेतलं. मॅडमकडे उरली फक्त सोमवारची ओपीडी.

पहिल्या बुधवारी सरांची पुरती तारांबळ उडाली. कॉम्प्युटर ऐकेना. रांग दारापर्यंत गेली. पाच वर्षांची एक चिमुरडी त्यांना खालीवर न्याहाळत म्हणाली, "तू शू-डॉक्टर नाहीयेस."

"मी तिचा मास्तर आहे."

"मग तुला येत असेल," असं म्हणून ती खुर्चीवर चढून बसली. सर इतके खूश झाले की घरी जाऊन बायकोला सांगितलं म्हणे.

मॅडमचं मात्र मन लागेना. काही ना काही निमित्त काढून ओपीडीत डोकावायच्या. "त्या मुलाचं ब्लडप्रेशर बघितलंत ना?" सर दाराकडे बोट दाखवायचे, "आज तुझा वार नाही. पळ!"

सव्वा वर्षानं पहिला निकाल आला आणि पार चुकीचा निघाला. निरोगी मुलंसुद्धा त्यात आजारी दिसत होती. मॅडम सरांकडे आल्या. "संस्थेचा पगार फुकट घेतेय मी."

सरांनी स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. "उत्तर माहीत असतं तर पगार कशाला दिला असता त्यांनी? पी, आणि चूक कुठे झाली ते शोध."

चूक बाटल्यांत होती. काही नमुने फ्रीजमध्ये जायच्या आधी तासन् तास टेबलावर पडून राहायचे. त्यानंतर मी स्वतः बाटल्या पोचवायला लागले. जिना उतरून, अंगण ओलांडून, धापा टाकत.

तिसऱ्या वर्षी खरी परीक्षा झाली. बावीस मुलं. मॅडमनी लघवीवरून आपलं उत्तर आधी लिहून पाकिटं बंद केली, मग सुईच्या तपासणीचे निकाल आले. पाकिटं सरांनी फोडली, मी वाचून दाखवली. एकोणीस जुळले. तीन चुकले. मॅडम त्या तिघांचेच कागद घेऊन बसल्या. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत होतो.

सुई अजून गेलेली नाही. त्याला आणखी पुष्कळ मुलं तपासावी लागतील, असं मॅडम सांगतात. पण त्या कामासाठी मोठा निधी मिळाला आणि विभागाला बदली डॉक्टरही ठेवता आला. मी सरांना म्हटलं, "सुटलात आता."

"त्याला गुरुवार द्या," सर म्हणाले. "बुधवारी माझी पोरं येतात."

आणि आरोग्य समितीची बैठक बुधवारी ठेवल्याबद्दल त्यांनी माझ्यासमोरच एक कडक पत्र लिहायला घेतलं.