चौथ्या फेरीचं घड्याळ

मी एक घड्याळ आहे, पण किती वाजले ते मला विचारू नका. मला ते ठाऊक नसतं. बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर बसलेल्या दोघांकडे विचार करायला किती वेळ उरलाय, एवढंच मी सांगतो. एकानं चाल करून खटका दाबला की त्याचा वेळ थांबतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. ज्याचा वेळ आधी संपतो तो हरतो. काम सरळ आहे. माणसं सरळ असती तर माझं आयुष्यही सरळ गेलं असतं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते निराला बाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, बॅडमिंटनच्या फुलांच्या डब्यांमागं. सात महिने तिथं पडून होतो. लोक मला उचलायचे, किंमत ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. "घड्याळाला दोन हजारांच्या वर? बुद्धिबळ तर फुकटात खेळतात लोक."

मग उमा आली. त्रेचाळीस वर्षांची, सिडकोतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. लासूर स्टेशनच्या शाळेत असताना ती बुद्धिबळात तालुक्यात पहिली आली होती. पुढं कॉलेज, नोकरी, लग्न, लेक. बावीस वर्षं तिनं पटाला हात लावला नाही. लेक शिकायला पुण्याला गेली आणि उमानं पुन्हा प्यादी मांडली. इथल्या स्पर्धांना घड्याळ आपलं आपण न्यावं लागतं, म्हणून तिनं मला घेतलं. स्वतःच्या पगारातून घेतलं आणि बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं.

ते बिल तिच्या नवऱ्याला, अमेयला, पहिल्याच आठवड्यात सापडलं.

त्यांच्या हॉलच्या भिंतीवर अमेयची सायकल टांगलेली असते. एक लाख दहा हजारांची. दर रविवारी तो मित्रांसोबत दौलताबादपर्यंत जातो, तिथं पोहे खातो, फोटो काढतो आणि परत येतो. त्याच सायकलीखाली सोफ्यावर बसून तो म्हणाला, "छंद असावा, नाही कोण म्हणतंय? पण बघ ना. घड्याळ बावीसशे, स्पर्धेची फी पंधराशे, त्या ऑनलाइन क्लासचे महिन्याला आठशे. आणि हातात काय? काही नाही."

"तुझ्या सायकलचं बक्षीस आलं का कधी?" उमानं विचारलं.

"ती तब्येतीसाठी आहे."

तो चिडून बोलला असता तर मी समजून घेतलं असतं. तो हसून, समजूत घातल्यासारखं बोलायचा. मला त्या हसण्याची शिसारी आली. एकदा तर त्यानं मला ओट्यावर नेलं, अंडी उकडायला सात मिनिटं लावली आणि म्हणाला, "निदान पैसे तरी वसूल होऊ देत." वाफेचा तो कोंदट वास माझ्या खटक्यांत शिरला. उमानं मला कोरड्या फडक्यानं पुसलं.

फेब्रुवारीत शहरातल्याच एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. तीन दिवस, पाच फेऱ्या. तिनं शुक्रवारची रजा टाकली. पहिल्या तीन फेऱ्यांत दोन डाव जिंकले. चौथी फेरी शनिवारी दुपारी, मुख्तारभाईंशी. सिटी चौकाजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. वय साठीच्या पुढं, तीस वर्षं स्पर्धा खेळताहेत.

त्या दिवशी उमा जशी खेळली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. मधेच तिनं आपला उंट देऊन टाकला आणि त्यांच्या राजासमोरची प्यादी फोडली. मुख्तारभाईंनी टोपी काढून कपाळ चोळलं. चाल उमाची होती. तिच्याकडे एक्केचाळीस मिनिटं शिल्लक होती.

तेवढ्यात दाराशी अमेय दिसला. तो पंचांशी काहीतरी बोलला. पंच येऊन उमाजवळ वाकले. "मॅडम, तुमचे मिस्टर आलेत. सासूबाईंना बरं नाही म्हणतात."

उमा ताडकन उठली. "घड्याळ थांबवता येईल का?"

"नाही मॅडम. ते चालूच राहील."

ती गेली. मी चालत राहिलो. समोर रिकामी खुर्ची, आणि तिच्या वाटचा वेळ मी खात होतो. आजूबाजूचे लोक चहाला उठले, मुख्तारभाई उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून दाराकडं बघत बसले. तीस मिनिटं उरली. वीस. दहा. पंच एकदा येऊन माझ्याकडं बघून गेले.

तीन मिनिटं आणि काही सेकंद उरले असताना उमा आत आली. चेहरा घामानं भिजलेला, श्वास लागलेला. कुणाकडं न बघता बसली आणि खेळू लागली. एकामागून एक सहा चाली, सहाही बरोबर. सातव्या चालीला तिचा हात वजिरावर होता, तेव्हा तिचा वेळ संपला. मी शून्य दाखवलं. खोटं बोलायचं मला जमत असतं तर त्या दिवशी बोललो असतो.

मुख्तारभाई हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दोन चालींत माझा बादशहा जात होता. ही बाजी मी जिंकलो असं घरी सांगणार नाय मी. तुमच्या घरी सगळं खैरियत?"

"सासूबाई वड्यांची डाळ वाटत होत्या," उमा म्हणाली. "अमेयचे साहेब यायचेत संध्याकाळी. मला बघून त्यांनीच विचारलं, इतक्या लवकर कशी आलीस. मी तशीच रिक्षा केली आणि परत आले."

मुख्तारभाई तोंडातल्या घासात केस लागावा तसा चेहरा करून "तौबा" म्हणाले, आणि सोंगट्या गोळा करायला लागले.

संध्याकाळी साहेब आले. मी जेवणाच्या टेबलाजवळ, खुर्चीवरच्या पिशवीत होतो. उमा वाढत होती. अमेय म्हणाला, "सर, आमच्या मिसेस बुद्धिबळ खेळतात बरं का. स्पर्धा चालू आहे सध्या. मी म्हणतो, खर्च होऊ दे, पण छंद सोडू नको."

सासूबाईंनी वड्यांचं ताट खाली ठेवलं. "आज दुपारी मी आजारी होते म्हणे," त्या साहेबांना म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून यानं मला आजारी पाडलं आणि हिला चालू डावावरून उठवून आणलं. मला तर या वड्याचीही आता किळस येतेय."

साहेब ताटात बघत राहिले.

ते गेल्यावर अमेय म्हणाला, "आई, परक्या माणसासमोर?"

"खोटं अख्ख्या हॉलसमोर बोललास, मग खरं काय कानात सांगू?"

"एक डाव तर होता."

"हो," उमा म्हणाली. "माझा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच पाचवी फेरी खेळायला गेली. डाव बरोबरीत सुटला. बक्षीस मिळालं नाही. परत येताना ती घरी जायच्या आधी मुख्तारभाईंच्या दुकानात शिरली आणि मला त्यांच्या काउंटरवर ठेवून म्हणाली, "हे इथंच राहू दे. दर शनिवारी चार ते सहा मी खेळायला येत जाईन."

"शौकसे," ते म्हणाले. त्यांची मुलगी आमरीन शाळेत शिकवते. तिनं फ्रेमांच्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दिला.

उमानं घरी एकदाच सांगितलं, विचारलं नाही. अमेयनं खर्च किती ते विचारलं. हे तिनं प्यादी मांडता मांडता आमरीनला सांगितलं. दोन आठवड्यांनी अमेयनं त्याच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तिचा पटासमोरचा फोटो टाकला, 'प्राउड हजबंड' असं लिहून. त्या ग्रुपमधल्या एका शिक्षकाकडून तो आमरीनकडे आला आणि तिनं तो दुकानात दाखवला. उमानं पाहिला, फोन परत दिला आणि प्यादं पुढं सरकवलं.

आता माझे आकडे अधूनमधून फिके पडतात. एक खटका जोरात दाबावा लागतो. माझी जागा घ्यायला दुसरं कुणीतरी येईल, त्याचं मला काही नाही. तुमच्या घरात कुणी खेळायला बसत असेल तर त्याचा खर्च खुशाल विचारा, आकडा सांगता येतो. पण डाव चालू असताना खोटं कारण काढून त्याला उठवू नका. मला पुन्हा सुरुवातीच्या दीड तासावर आणता येतं. बटण दाबलं की झालं. उमाची ती एक्केचाळीस मिनिटं कुठलं बटण दाबून आणणार?