भीमाकाकूचे दोन पेशंट

आमच्या आक्काचा प्रबंध मंजूर झाला, ती पुण्याच्या कॉलेजात पक्की प्राध्यापक झाली आणि मिरजगावच्या स्टँडवर वडिलांनी ड्रायव्हर-कंडक्टरसकट अख्ख्या एसटीला पेढे वाटले.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. बाहत्तर सालचा मे महिना चालू आहे, मुंबईचे परीक्षकसाहेब एसटीतून उतरताहेत आणि त्यांना आक्काच्या प्रबंधाबद्दल दाट संशय आहे.

आक्का म्हणजे पुष्पावती, माझी थोरली बहीण. पुण्यात आर्किटेक्चर शिकून तिथंच शिकवायला लागली, पण नोकरी तात्पुरती. प्रबंध पास झाला तर पक्की, नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. विषय होता आमच्याकडची धाब्याची घरं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर तुराट्या आणि सगळ्यावर हातभर पांढरी माती. असं घर उन्हाळ्यात किती गार राहतं, का राहतं आणि नवी घरं तशी कशी बांधता येतील, हे तिनं सिद्ध केलं होतं.

गावाला हे पटेना. शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, "पुष्पे, एवढी वर्सं पुन्यात घालवलीस आन् शोध काय लावलास? धाबं गार असतं! मला इचारायचं, मी फुकट सांगितलं असतं."

"किती गार ते सांगितलं असतं का, मावशी?"

"लई."

"विद्यापीठ 'लई' घेत नाही."

छबूबाईंनी विद्यापीठाविषयी एक शब्द काढला. तो इथं लिहिण्यासारखा नाही.

खरी अडचण घरातच होती. आमचे वडील आसाराम, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी त्याच वर्षी पुढच्या अंगाला पत्र्याची खोली काढली होती. लांबून चकाकायची. तिचा दादांना इतका अभिमान की दुपारी आत बसून भाजून निघायचे, पण बाहेर यायचे नाहीत. आक्काच्या प्रबंधात हीच खोली वाईट घराचा नमुना म्हणून होती. दादांना एवढंच माहीत होतं, की आपल्या खोलीचं नाव पुस्तकात आलंय.

साहेबांनी पिशवीतून दोन थर्मामीटर काढले. साहेब जुन्या वळणाचे, थर्मामीटरही जुने, फॅरनहाईटचे. म्हणाले, "बाई, तुमच्या प्रबंधातला फरक मला फार वाटतो. मी स्वतः मोजणार." एक पत्र्याच्या खोलीत टांगला, दुसरा गल्लीपलीकडं भीमाकाकूच्या धाब्यात. "कुणी हात लावायचा नाही," असं बजावून ते आक्काला घेऊन बाकीच्या घरांच्या भिंती मोजायला गेले. मी टेप धरायला.

भीमाकाकू म्हणजे आमची चुलती. सरकारी दवाखान्यात आया. थर्मामीटर वाचता येणारी गल्लीत ती एकटी, आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही.

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही परतलो. साहेबांनी पत्र्याच्या खोलीत पाहिलं. अठ्ठ्याण्णव. गल्ली ओलांडून धाब्यात पाहिलं. अठ्ठ्याण्णव.

"फरक शून्य," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "बाई, हा प्रबंध मी कसा मंजूर करू?"

आक्काचा चेहरा उतरला. आणि दारातून भीमाकाकू म्हणाली, "दोघं बी बरं झालं बगा!"

"दोघं कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या ह्या काचा. पत्र्यातली फनफनली हुती, एकशे धा! मानूस असतं तर पावन्यांना सांगावा धाडला असता. घड्यांवर घड्या ठेवल्या गार पान्याच्या. आन् हितली अठ्ठ्याऐंशीवर, अंग पार गार पडल्यालं. ईट तापवून शेकली. माज्या हातनं पेशंट जात न्हाई, सायेब."

"काकू, पाणी कुठलं वापरलंस?" मी विचारलं. गावात तेव्हा टँकर यायचा आणि हंड्यावरून डोकी फुटायची.

"प्यायचं. पावन्याच्या वस्तूला न्हाई म्हनायचं व्हय?"

आक्का हसावं की रडावं या विचारात होती. मग साहेबांकडं वळून म्हणाली, "सर, म्हणजे खरे आकडे एकशे दहा आणि अठ्ठ्याऐंशी."

"तोंडी साक्ष चालत नाही. पुरावा लागतो," साहेब म्हणाले. "मी उद्या सकाळच्या गाडीनं निघणार."

दादांनी पाहुण्याला रिवाजाप्रमाणं मानाच्या जागी, म्हणजे पत्र्याच्या खोलीत आडवं व्हायला लावलं. नवी गादी, नवी उशी. दादा स्वतः पंख्यानं वारा घालायला बसले. जरा वेळानं साहेब उठले. बाज डोक्यावर घेतली आणि गल्ली ओलांडून धाब्यात गेले. मुंबईचा परीक्षक डोक्यावर बाज घेऊन चाललाय म्हटल्यावर गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. दिवेलागणीपर्यंत ते घोरत होते. मधे काकूनं कपाळाला हात लावून पाहिला म्हणे, नॉर्मल होते.

उठल्यावर चहा पीत साहेब म्हणाले, "बाई, माझं समाधान झालं. कुठं सही करायची?"

सगळ्या गल्लीनं सुस्कारा टाकला. आक्कानं नाही टाकला.

"नको, सर."

"काय?"

"झोप हा पुरावा नाही. तुम्हीच म्हणालात. उद्या पुन्हा टांगू, मोजू, मग सही करा."

दादा माझ्या कानाशी आले. "ही येडी झाली का रं? हातातोंडाशी आल्यालं घालवती!" पण बोलताना त्यांची मान आपोआप ताठ झालेली मला दिसली.

साहेबांनी सकाळची गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी दादा काठी घेऊन गल्लीच्या मधोमध उभे. भीमाकाकू ओलं फडकं घेऊन दोनदा आली.

"भावजी, मरंल ती काच!"

"मरू दे. इद्यापिटासाठी मरती."

दुपारी साहेबांनी पाहिलं. पत्र्यात एकशे नऊ, धाब्यात सत्त्याऐंशी. दुरून ऐकून छबूबाई ओरडल्या, "म्हंजी लईच की!"

साहेबांनी आक्काला आधी नमस्कार केला आणि मग सही केली. "मी आजवर पुष्कळ प्रबंध तपासले," ते म्हणाले. "पण सही नको म्हणणारा माणूस पहिल्यांदा भेटला." दादांनी डोळे पुसले आणि पत्र्याच्या उन्हाला शिव्या घातल्या.

तर, जे झालेलं नव्हतं ते असं झालं. दादा मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. पेढे संपले त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं आणि मी लिहून घेतलं:

"मेहेरबान कुलसचिव साहेब, विद्यापीठ कचेरी, यांचे सेवेशी. अर्जदार आसाराम, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, विनंतीअर्ज करतो की, माझी मुलगी पुष्पावती हिला आपण पदवी दिली ती योग्यच आहे. परंतु सदर प्रबंधातील निम्मे काम माझ्या पत्र्याच्या खोलीने केलेले आहे. ती एवढी तापली नसती तर धाबे किती गार हे विद्यापीठास कळले नसते. तरी सदर खोलीस अर्धी पदवी मंजूर व्हावी, आणि खोलीस समारंभास येणे शक्य नसल्याने पदवी जागेवर आणून देण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती."