कळवतो

न खपणारं घर मला जिन्यातच कळतं, अशी माझी फुशारकी होती. बावीस वर्षं घरांची दलाली करतेय, थोडी मिजास असणारच. घर का अडतं याची कारणं फार नसतात. ओल असते, शेजारी भांडखोर असतो, नाहीतर मालकाला आपल्या चार भिंतींत राजवाडा दिसतो आणि तो किंमतही राजवाड्याची सांगतो. एक मालक तर पार्टी, म्हणजे घर बघायला आलेलं गिऱ्हाईक, ज्या खोलीतून बाहेर पडेल तिथला दिवा पटकन बंद करत मागे मागे फिरायचा. घर चांगलं होतं, पण बघणाऱ्याला आपण नकोसे झालोय असं वाटायचं. शेवटी त्याला मी तासभर खाली चहाला नेऊन बसवलं आणि त्याच दिवशी घर गेलं.

चष्मेवाल्यांच्या घरापुढे मात्र मी हात टेकले. चौथा मजला, लिफ्ट नाही, हे कबूल. पण दोन खोल्या, स्वयंपाकघर, दुपारभर ऊन, कागदपत्रं चोख, किंमत वाजवीपेक्षा थोडी कमीच. अशी घरं मी फोनवर विकलेली आहेत. इथे अकरा महिन्यांत तेवीस पार्ट्या वर गेल्या आणि तेवीसच्या तेवीस खाली येऊन म्हणाल्या, "कळवतो."

आमच्या धंद्यात 'कळवतो' म्हणजे नाही. 'किंमत जास्त आहे' म्हणजे घर आवडलंय. 'घरच्यांना आणून दाखवतो' म्हणजे जवळजवळ झालंच. 'कळवतो' म्हणणारा माणूस पुन्हा फोनसुद्धा उचलत नाही. आणि हे लोक तर तेवढं म्हणतानाही माझ्याकडे बघत नव्हते. एक बाई डोळे पुसत उतरल्या. मी म्हटलं, जिन्यात धूळ फार आहे. त्या म्हणाल्या, हो, फार आहे.

मी वर जात नव्हते, इथेच चुकलं. माझे गुडघे दुसऱ्या मजल्यावर संप पुकारतात. पहिल्यांदा घर बघायला गेले तेवढीच. नंतर पार्टीला वर धाडायचं आणि आपण खाली सायकलींच्या बाजूला पायरीवर बसायचं, असं चाललं होतं. वर घर दाखवायला चष्मेवाले स्वतः असायचे. चौकात त्यांचं चिंचोळं दुकान आहे. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, संध्याकाळी पाचला दुकानाचं दार ओढून पार्टीसाठी घरी यायचं. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक, नीटनेटका माणूस. गिऱ्हाइकाला "आता कसं दिसतंय?" एवढं विचारलं की यांचं दिवसभराचं बोलणं संपत असावं, असं मला वाटायचं.

घर दाखवायला असा माणूस बरा. बडबड्या मालकाइतकं घराचं नुकसान कुणी करत नाही. मी त्यांना एकच गोष्ट पढवून ठेवली होती.

"घर का विकताय, असं विचारतीलच. तुम्ही म्हणायचं, दुकानाजवळ घर हवंय. बस्स. त्यापुढे एक अक्षर नाही."

"बरं, ताई," ते म्हणाले होते.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी दीड वर्षापूर्वी गेली. एकोणीस वर्षांची होती, आठ महिने आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर पंधरा दिवसांत तिच्या आईने कपड्यांची बॅग भरली आणि त्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेल्या. प्राथमिक शाळेत शिकवतात, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणतात. नवरा-बायकोत भांडण असं काही नव्हतं. घर विकायचं दोघांनी मिळून ठरवलं आणि माझ्याकडे काम घेऊन बाईच आल्या.

"त्या खोलीवरून माझ्याने जाववत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "हे घर गेलं आणि दुसरं घेतलं की त्याच दिवशी मी ह्यांच्याकडे राहायला येणार. तसं ह्यांना सांगितलंय मी. तेवढं लवकर करा, ताई. माणसाला एकटं राहायची सवय होऊन जाते."

ती सवय कशी होते ते मला कुणी सांगायला नको. नऊ वर्षं एकटी राहते मी. सकाळी एक कप चहा करताना पातेलं मोठं वाटायचं, मग लहान पातेलं आणलं, आणि एके दिवशी ते लहान पातेलंच नेहमीचं झालं. त्यामुळे हे घर विकणं माझ्यासाठी नुसतं दलालीचं राहिलं नव्हतं. या दोघांना लवकरात लवकर एका छताखाली आणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून मी काय काय केलं. आतल्या खोलीला रंग लावून घेतला. स्वयंपाकघरातला मिणमिणता दिवा बदलला. किंमत दोनदा उतरवली. चष्मेवाल्यांना नवा शर्टसुद्धा घ्यायला लावला. पार्ट्या वर जात होत्या, खाली येत होत्या, कळवत होत्या.

तेविसावा एक बँकेतला माणूस होता, सरळ वाटला. त्याची वाटच अडवली मी.

"कळवू नका, साहेब. आत्ताच सांगून टाका. कुठे माशी शिंकली?"

तो अवघडला. "घर छान आहे हो. पण तुमचे मालक..."

"काय केलं त्यांनी?"

"केलं काही नाही. बोलले." त्याने गाडीची किल्ली उगाच या हातातून त्या हातात घेतली. "त्यांनाच विचारा. मला ते परत तोंडातून काढायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे मी इथे पायरीवर बसून कंबर मोडून घेतेय आणि हा मुखदुर्बळ माणूस वर बसून स्वतःच्याच घराची निंदा करतोय. मी दुसऱ्याच दिवशी बाईंना बोलावून घेतलं. शाळा सुटल्यावर तशाच आल्या, बोटांना खडू लागलेला.

"मला वाटतच होतं," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "विकायचंच नाहीये त्यांना. दर रविवारी येतात बहिणीकडे. चहा पितात, तुमचा पंखा आवाज करतोय म्हणतात, आणि जातात. पोरीचा विषय नाही काढत. दीड वर्षात एकदा नाही. मी काढला तर पाणी प्यायला उठतात. दगड आहेत नुसते, ताई. आणि परक्यांशी बोलतात?"

"काय बोलतात ते एकदा ऐकूया की," मी म्हटलं.

ही अक्कल माझी. बाईंनी सुचवलं नव्हतं.

आतल्या खोलीची खिडकी बाहेरच्या सामाईक गॅलरीत उघडते. शनिवारी नवं लग्न झालेलं एक जोडपं घर बघायला येणार होतं. ते वर गेल्यावर दोन मिनिटांनी मी आणि बाई जिना चढू लागलो. तिसऱ्या मजल्यापासून बाईंनी माझं कोपर धरलं. त्या माझ्या गुडघ्यांना आधार देतायत असं मी समजत होते, पण आधार त्यांनाच हवा होता. दीड वर्षाने त्या इथे येत होत्या. आम्ही खिडकीशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिलो, शाळेतल्या चुकार पोरींसारख्या. मला थोडं हसूही येत होतं.

आत ती नवी नवरी विचारत होती, "काका, घर का विकताय?"

"दुकानाजवळ घर हवंय," चष्मेवाले म्हणाले. मी मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली.

"पण तुमचं दुकान चौकातच आहे ना? पाच मिनिटांवर?"

मी कपाळाला हात लावला. अकरा महिने मी या माणसाला असलं फुटकं खोटं बोलायला लावत होते आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"हो, पाच मिनिटांवरच आहे," ते म्हणाले. "तुम्ही इथे पलंग कुठे लावाल?"

"खिडकीपाशी," नवरा म्हणाला.

"तिचाही तिथेच होता. माझ्या मुलीचा. इथेच गेली ती." त्यांचा आवाज दुकानात असतो तसाच होता, हळू आणि सरळ. "तिची आई चार रात्री झोपली नव्हती. मीच म्हटलं, बाहेरच्या खोलीत जरा आडवी हो, मी बसतो. ती पडली आणि लगेच डोळा लागला तिचा. दुपारचे सव्वातीन झाले असतील. तेवढ्यात मुलगी जागी झाली. दोन दिवस तिला शुद्ध नव्हती, पण तेव्हा अगदी स्पष्ट बोलली. म्हणाली, बाबा, आईला बोलाव ना."

बाईंची बोटं माझ्या कोपरात रुतली.

"मी म्हटलं, आत्ताच झोपलीय गं ती. तासाभराने उठवतो."

"मग?" नवरीने विचारलं.

"मग काही नाही. हट्ट करणारी नव्हती. दोनदा दाराकडे बघितलं तिने. मला वाटलं, बोलतेय म्हणजे उतार पडलाय, आता वेळ आहे. चारला दहा मिनिटं कमी होती तेव्हा गेली. आई दहा पावलांवर झोपलेली. मी जाऊन तिला उठवलं आणि सांगितलं, झोपेतच गेली. डॉक्टरांना तेच सांगितलं, सगळ्यांना तेच."

"काकूंना माहीत नाही?"

"नाही. पोरीला काही कळलं नाही, तिने कुणाला हाक मारली नाही, एवढाच तिला आधार आहे. तो कसा काढून घेऊ? समोर बसलो की सगळं घशाशी येतं माझ्या. मग मी उठून जातो. तुम्ही घर का विकताय म्हणून विचारता, म्हणून सांगतो. बाकी मला कुणी काही विचारत नाही."

'सव्वातीन' हा शब्द ऐकला तेव्हाच मी बाईंना तिथून ओढून न्यायला हवं होतं. पुढे काय येणार याचा मला अंदाज आला होता. गुडघ्यांचं कारण सांगता येईल, पण खरं ते नाही. मलाही ऐकायचं होतं. तेवीस माणसांनी काय ऐकलं ते मला कळायला हवं होतं, आणि तेवढ्या हव्यासापोटी मी शेजारी उभ्या असलेल्या आईला विसरले.

ती तिघं बाहेर आली तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. चष्मेवाल्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग उघड्या खिडकीकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"मला उठवायचं होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"मी उठले असते."

"माहीत आहे."

एवढंच बोलणं झालं. बाई चार मजले उतरून गेल्या, माझी वाट न बघता. ते नवं जोडपं त्यांच्यानंतर हळूच उतरलं. मी आणि चष्मेवाले गॅलरीत तसेच उभे. मी म्हटलं, "चूक माझी आहे, मी आणलं त्यांना." त्यांनी मला बसायला खुर्ची आणून दिली. माझे पाय दुखत असतील, म्हणाले.

त्यानंतर घर एका महिन्यात गेलं. पुढची पार्टी आली, तिनेही 'का विकताय' विचारलंच असणार. पण चष्मेवाल्यांकडे आता परक्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिला सांगायचं होतं तिने ऐकलं होतं. पार्टी खाली आली आणि म्हणाली, किंमत जरा जास्त आहे. मला आनंद व्हायला हवा होता.

नोंदणी कार्यालयात सह्यांच्या दिवशी दोघं आले होते. भिंतीलगत लोखंडी खुर्च्यांची रांग होती. बाई एका टोकाला बसल्या, हे दुसऱ्या टोकाला, मधे तीन खुर्च्या रिकाम्या. बाईंचे डोळे खोल गेले होते. आमचा नंबर यायला वेळ होता. चष्मेवाल्यांनी मला जवळ बोलावलं.

"ताई, शाळेच्या मागे तळमजल्यावर एक घर आहे म्हणतात. तिला चालत जाता येईल, पाच मिनिटांत. तिला विचाराल, बघायला येते का? आज नको, तिला जमेल तेव्हा."

नवरा-बायकोतला निरोप मी का न्यायचा, असं एरवी मी फटकन विचारलं असतं. त्या दिवशी गेले गुपचूप. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्यासाठी एका माणसापुरतं बघा, ताई," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांनी तुमच्यासाठीच लपवलं होतं."

"माहीत आहे मला. रागावले नाहीये मी त्यांच्यावर. कुणीही तसंच केलं असतं, मीसुद्धा त्यांना झोपू दिलं असतं." त्या हातातल्या पाकिटाची घडी करत होत्या, परत उलगडत होत्या. "पण आता माझा डोळा लागला की मी दचकून उठते, कुणी हाक मारली का म्हणून. बहिणीला रोज विचारते. ती नाही म्हणाली की परत पडते. ते नाही म्हणाले, तर मी कसा विश्वास ठेवू?"

रांगेच्या त्या टोकाला चष्मेवाले उठून उभे राहिले होते आणि मी काय घेऊन येते ते बघत होते. मी तीन खुर्च्या परत चालत निघाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला हे मधल्या माणसाचं काम नकोसं झालं.