उपाशी कोळसा

"माझा कोयता कुठंय?"

काळूदादाचा आवाज कुडाच्या भिंतीतून थेट माझ्या ओट्यावर आला. मी तांदूळ निवडत होते. आमची घरं इतकी लागून, की त्यांच्याकडं फोडणी पडली तर ठसका मला लागतो; मग भांडण कसं सुटेल? सूप मांडीवर ठेवून मी कान टवकारले.

"मला काय इचारता? मी काय कोयता गळ्यात घालून हिंडते?" भिमाबाई म्हणाली.

कोयता कणगीत होता, भाताच्या खाली. माझ्यादेखतच तिनं तो पुरला होता. आमच्या इगतपुरीकडं भाताचं रोप टाकायचं तर आधी वाफा भाजतात, त्याला म्हणतात राब. झाडावर चढून फांद्या तोडायच्या, वाळल्या की शेणापाल्यासकट वाफ्यावर पसरून पेटवायच्या. काळूदादा राबाच्या कामात वस्ताद. पण गेल्या साली बांधावरच्या ऐनाच्या झाडावरून तो खाली आला आणि खांदा मोडून बसला. हाड जुळलं, तरी हात अजून डोक्याच्या वर जात नाही. असा गडी यंदा परत चढायला निघालेला. मुळात त्याच्या पायाला भिंगरी. चहा निवेपर्यंत थांबणार नाही, रोज जीभ पोळून घेईल.

सून मोहिनी मधे पडली. "मामा, यंदा राब नकोच. मी भाताच्या तुसाचा कोळसा करते. बचत गटाच्या शिबिरात शिकवलाय आमाला."

"कोळसा उगाळावा तितका काळाच! त्यानं रोप व्हतं व्हय?"

"व्हतं. आपल्या बांधाला खेकड्याची बिळं असत्यात ना, तशी या कोळशाला कणाकणात बिळं. पाणी, खत त्यात दडून बसतं. मुळ्या लागंल तसं काढून खात्यात."

"बिळांनी बांध फुटतो, बाई."

"हा बांध नाय फुटायचा. बगा तर खरं."

काळूदादा दोनदा अंगणात फिरला. "बरं, कर. पर रोप बिघडलं तर पुढच्या साली मी ऐनावर चढणार. मंग कुणी आडवं यायचं नाय."

भिमाबाई "बरं" म्हणाली खरी, पण तिचा चेहरा पार उतरला. नवरा पडला तेव्हाचा आवाज तिच्या कानातून अजून गेलेला नव्हता.

मोहिनीनं घोटीच्या गिरणीतून तुसाच्या गोण्या आणल्या. तेलाच्या जुन्या डब्याला भोकं पाडली, आत विस्तव केला आणि डब्याभोवती तूस रचलं. आतून बाहेर काळं सरकू लागलं. काळूदादा भोवती घिरट्या घालत होता. "अजून पांढरी राख नाय झाली. राहू दे जळायला!" राबाचा माणूस तो, राख झाल्याशिवाय त्याला काम झालंसं वाटेना.

"राख झाली की बिळं गेली, मामा," असं म्हणून मोहिनीनं ढिगावर घागरी ओतल्या. काळाभोर, हलका कोळसा अंगणात वाळत पडला.

तेवढ्यात तिच्या भावाचं लग्न आलं. माहेरी जाताना तिनं सासऱ्याला बजावलं, "मी येईस्तोवर हात लावू नका. शेणकाल्यात मुरवायचाय अजून."

आता बघा, गोटीराम नावाचा एक किडा आमच्या वाडीत आहे. त्याचा राब भाजून झालेला. बांधावर उभा राहून म्हणतो कसा, "दादा, सुनेनं तोंडाला काळं फासलं, वाफ्याला कधी फासणार?"

झालं. काळूदादानं त्याच दुपारी कोरडा कोळसा पाट्या भरभरून वाफ्यात टाकला, माती हलवली आणि धुळीतच भात पेरून मोकळा झाला. भिमाबाई मागून ओरडत राहिली. कोण ऐकतो!

मोहिनी परतली, वाफा बघितला आणि उंबऱ्यातच बसली. "मामा, मुरवला न्हवता ना?"

"पाऊस मुरवंल की!"

पाऊस लागला. रोप उगवलं, बरं उगवलं. वीतभर व्हायच्या आतच मात्र पिवळं पडायला लागलं. गोटीरामचा वाफा हिरवागार, आणि हा कावीळ झाल्यासारखा. काळूदादा इरलं घेऊन दिवसभर बांधावर येरझारा घाली. घरात येई, बाहेर जाई, जेवायला बसून अर्ध्यातून उठे.

"सांगितलं व्हतं मी! कोळसा कोळसा! आता पुढच्या साली ऐन हाय अन् मी हाय!"

भिमाबाईच्या हातातली पळी थांबली. मोहिनी मात्र पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "कोळसा उपाशी हाय, मामा! बिळं रिकामी ठेवून टाकलात तुमी. आता तो आधी सोताचं पोट भरतोय, रोपाच्या तोंडचं वढून. तुमी मुरू दिला असता तर..."

पुढचं भिमाबाईनं पुरं केलं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

काळूदादानं इरलं उचललं.

"युरिया आणतो," म्हणून तो घोटीला गेला आणि हात हलवत परत आला. दुकानदार म्हणे, गाडीच आली नाही.

"मंग गोमूत्र," मोहिनी म्हणाली. "पाण्यात पातळ करून देऊ. कोळशाचं पोट भरलं की तो रोपाला सोडंल. पर जमिनीवर सांडलेलं चालायचं नाय, बादलीत धरायला पायजे."

आणि मग मी जन्मात न पाहिलेलं पाहिलं. काळूदादा गोठ्यात बैलाच्या मागं बादली घेऊन बसला! बांड्या त्यांचा भारी बैल, रवंथ करतोय, शेपूट हलवतोय, बाकी काही नाही.

"मुत ना रे बाबा!" काळूदादा काकुळतीला आला. शेवटी वैतागून बिडी पेटवायला उठला, दारापर्यंत गेला, आणि मागं धो धो आवाज आला. सगळं गव्हाणीखालच्या चिखलात. मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.

त्यानंतर तो उठला नाही. डासांनी फोडून काढला, पाय आखडले, तरी बादली धरून बसून राहिला. गाय, दोन बैल, तिघांच्याही मर्जीप्रमाणं. चूक आपली आहे हे त्यानं तोंडानं कधीच कबूल केलं नाही, पण ती बादलीही त्यानं कुणाला धरू दिली नाही. मोहिनीनं मापानं पाणी घातलं आणि सासरा-सुनेनं मिळून वाफा भिजवला.

आधी काहीच दिसेना. काळूदादाचं बांधावर जाणं-येणं चालूच. मग एका सकाळी पावसानं उघडीप दिली तेव्हा भिमाबाईनं मला हाका मारल्या, "तानुबाई, अगं ये, बग!" गाभ्यातली पानं हिरवी झाली होती. आवणीपर्यंत, म्हणजे उपटून खाचरात लावेपर्यंत, रोप असं उभं राहिलं, की गोटीराम बांधावरून न बोलता गेला. त्याला न बोलता जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आवणी उरकली त्या दिवशी भिमाबाईनं कणगीत हात घातला, कोयता काढला आणि नवऱ्यापुढं धरला. "घ्या. तुमचा कोयता."

काळूदादानं अंगठ्यानं धार पाहिली. समोर ऐन होता, किती वर्षांनी अंगभर पानं घेऊन उभा. त्यानं वर पाहिलं, मग कोयत्याकडं पाहिलं.

"आता याचं काय करू मी?"

"ठेवा खाली. बसा जरा माझ्यापाशी. चहा टाकलाय."

तो बसला. मोहिनीनं कपबश्या आणल्या. चहातून वाफ निघत होती, आणि काळूदादा ती कमी होईपर्यंत थांबला.