आत्याचा आवळीभोजनाचा बेत

आमच्या आत्याच्या हातांत बांगड्या नव्हत्या, म्हणून तिच्या दशम्यांचा आवाज वेगळा होता. माय भाकरी थापायला बसली की काकणांची किणकिण आधी ऐकू येई आणि थापण्याचा आवाज तिच्यामागून. आत्या बसली की नुसती एकसुरी, मऊ थपथप, कार्तिकातल्या पहाटेच्या गारव्यात चुलीच्या धगीबरोबर घरभर पसरत जाणारी. गोधडीतून तोंड बाहेर काढण्याआधीच तो आवाज मला सांगून टाकी की आज आपण गाडीनं पुलगावला जाणार. चुलीच्या तांबूस उजेडात तिचा अर्धाच चेहरा दिसे, आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावरही इतका उल्हास असे की प्रवासाला निघालेली तीच आहे असं कुणालाही वाटावं. ती मात्र कधीच येत नसे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही आर्वीला राहत होतो, बाबा एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या वजनकाट्यावर कामाला होते, आणि घरात आम्ही तीन भावंडं, त्यातली मी मधली. हौस म्हटली की आमच्याकडे आधी हात आखडता घ्यावा लागे. पण आत्याचं म्हणणं असं, की नीट बेत आखला तर आपल्यासारख्यांनाही वर्षातून एक दिवस राजासारखा काढता येतो. आणि हा बेत आखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवाळीची शेवटची पणती विझली की तिच्या डोक्यात आवळीभोजनाची गाडी सुरू होई. कार्तिकी एकादशी आणि पौर्णिमा यांच्या मधल्या दिवसांत आवळीच्या झाडाखाली बसून घरच्या सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ही आमच्याकडची रीत. गावातले लोक त्यासाठी जवळच्या मळ्यात जात. आत्या आम्हाला थेट पुलगावला धाडी, वर्धा नदीच्या काठावर.

तिचा बेत ऐकणं हाच निम्मा प्रवास असे. जाताना डब्यात डावीकडे बसायचं, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन लेकरांच्या अंगावर येईल. येताना उजवीकडे, म्हणजे मावळतीचं ऊन डोळ्यांत जाणार नाही. रोहण्याला गाडी पाणी पिते, तेवढ्यात पोरांना खाली उतरवून पाय मोकळे करून आणायचे. स्टेशनावरून नदीपर्यंत चालत जायचं, कारण तेव्हा सगळ्यांच्या पायांत जोर असतो. टांगा करायचाच तर परतताना करायचा, धाकटी झोपेला आलेली असते म्हणून. दशम्या वर, वांग्याचं भरीत खाली, जवसाची चटणी वेगळ्या पानात. चातुर्मासभर वर्ज्य असलेलं वांगं एकादशीनंतर खुलं झालेलं असे आणि त्याची तिला फार अपूर्वाई. पाणी फिरकीच्या तांब्यात. आणि मग, डोळे किंचित मिटून, सगळ्यात शेवटी: घाटाच्या तीन पायऱ्या उतरायच्या, उजवीकडे वळायचं, तिथं आवळी आहे, तिच्या पूर्वेच्या अंगाला सतरंजी टाकायची, दुपारभर सावली हलत नाही.

आमची ती लहान गाडी म्हणजे चालण्याचा कंटाळा आलेली म्हैस. अरुंद रुळांवरून ती इतकी निवांत जाई की शेतात कापूस वेचणाऱ्या बायांशी डब्यातल्या बायांच्या गप्पा होत, आणि विषय संपल्याशिवाय शेत संपत नसे. त्या गाडीची शिट्टी आमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येई. शिट्टी झाली की आत्या हातातलं काम क्षणभर थांबवी आणि पुन्हा सुरू करी. आम्ही तिला दरवर्षी चल म्हणत असू आणि ती दरवर्षी विचारी, गायीले कोन पाहील? गाय गरीब होती आणि शेजारीण तिला आनंदानं पाहायला तयार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याचं सासर पुलगावचं. लग्न होऊन ती याच गाडीनं गेली आणि तिसऱ्या वर्षी, नवरा तापानं गेल्यावर, एक पत्र्याची पेटी घेऊन याच गाडीनं परत आली. त्यानंतर ती तिच्यात बसली नाही. तिच्या बेतातली सगळी माहिती, ती डावी-उजवी बाजू, त्या तीन पायऱ्या, ती न हलणारी सावली, त्या तीन वर्षांतली होती. हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत्याला सगळं आपोआपच कळतं.

पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा घाटाच्या तीन पायऱ्या उतरलो, उजवीकडे वळलो, आणि तिथं आवळी नव्हती. होती ती एक बाभूळ, जराशी वाकडी, आणि तिच्यापुढे खचलेला काठ. नावेपाशी बसलेल्या भोयानं सांगितलं की दोन पावसाळ्यांपूर्वीच्या पुरात अर्धा काठ गेला, त्याबरोबर झाडही गेलं. बाबांनी खचलेल्या काठाशी जाऊन वाकून पाहिलं. बहिणीच्या सासरी आले असता त्या आवळीखाली तेही एकदा जेवले होते. मग त्यांनी सतरंजी बाभळीखाली टाकली आणि आम्हा तिघांना समोर बसवून बजावलं, की आपण आवळीखालीच जेवलो, घरी गेल्यावर दुसरं काही बोलायचं नाही. बाभळीखाली आवळीभोजन करणारं घर त्या अख्ख्या मुलखात आमचं एकटंच असेल. काटे वेचून सतरंजी साफ करायला मायला अर्धा तास लागला. परतताना स्टेशनाबाहेर डोंगराकडच्या गोंड बाया टोपल्यांतून आवळे घेऊन बसल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडून मायच्या पदरात मावतील एवढे आवळे घेतले आणि घरी आल्यावर आत्याच्या ओच्यात ओतून म्हणाले, तुझ्या झाडाचे आहेत, बाई.

आत्यानं एक आवळा उचलून उजेडात धरला, पदरानं पुसला आणि विचारलं, झाड कसं आहे? मस्त आहे, बाबा म्हणाले. तिनं त्या आवळ्यांचा मुरंबा घातला आणि हिवाळाभर आम्हाला सकाळी एकेक फोड दिली.

एकदा बोललेली थाप एकटी राहत नाही. दुसऱ्या वर्षी थोरल्या भावानं सांगितलं की फांदीवर सुतार पक्ष्यानं ढोली केली आहे. तिसऱ्या वर्षी मी सांगितलं की एक फांदी इतकी खाली आली आहे की मी तिला लोंबकळले. आमच्या थापांवर ते झाड दरवर्षी हातभर वाढत होतं. आत्या भिंतीला टेकून, पाय लांब करून, सगळं शांतपणे ऐके. मध्येच एखादा बारकावा विचारी, पारवे येतात का, पाणी किती लांब गेलं, आणि आम्ही उत्तर देताना तिचा चेहरा असा निवळे की खोटं बोलल्याची टोचणी तिथल्या तिथे विरून जाई. आम्हाला खरंच वाटे, की आपण तिला काहीतरी देतो आहोत.

मग एक पावसाळा असा आला की आत्या दोन महिने अंथरुणाला खिळली. कार्तिकात उठून बसू लागली तेव्हा तिच्या मनगटांची हाडं वर आली होती, तरी तिनं नेमानं बेत मांडलाच. तिनं गायीचं नाव काढलं आणि माय, जी आयुष्यात नणंदेपुढं आवाज चढवून बोलली नव्हती, हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाली, "बाई, या साली तुमी नाई आल्या तं मीबी नाई जात." आत्यानं पिठाचा डबा पुढं ओढला. आणि तिनं एवढंच म्हटलं, की मग दशम्या जास्त लागतील.

बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. विहिरीवर पाणी शेंदताना ते मायशी हळू आवाजात बोलत होते आणि मी मागे उभी होते. तिथं गेल्यावर तिला काय दाखवायचं, हा त्यांचा एकच प्रश्न होता. बहिणीच्या आयुष्यातली तीन वर्षं त्या झाडाखाली होती. ते झाड गेलं हे तर तिला कळेलच, पण त्याहून वाईट म्हणजे आपण पाच वर्षं तिला फसवलं हेही कळेल, आणि आजारातून उठलेली बाई पुन्हा आडवी पडेल. गाडी चुकवू या, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. माय म्हणाली, आपली गाडी चुकत नसते, ती थांबते.

त्या सकाळी आत्या डाव्या बाजूच्या खिडकीशी बसली. पहिल्या धक्क्याला तिनं खिडकीचा गज घट्ट धरला आणि गाव मागे पडेपर्यंत सोडला नाही. मग ऊन आलं, कोवळं, तिच्या पांढऱ्या लुगड्यावर आणि बाहेर फुटलेल्या कापसावर एकाच वेळी, आणि तिची मूठ हळूहळू सैल झाली. रोहण्याला ती स्वतःहून खाली उतरली आणि धाकटीचा हात धरून इंजिनापर्यंत चालत गेली. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते, कारण लोंबकळायच्या फांदीची थाप माझी होती. बाबांनी वाटेत दोनदा सांगून पाहिलं, की यंदा घाटाकडे चिखल आहे म्हणतात, आपण देवळाकडे बसू. आत्या धाकटीला खिडकीबाहेरचा कापूस दाखवत राहिली.

स्टेशनावरून ती पुढे आणि आम्ही मागे. इतक्या वर्षांत तिचे पाय वाट विसरले नव्हते. तीन पायऱ्या उतरून ती उजवीकडे वळली आणि थांबली. नदीवर दुपारचा लख्ख उजेड होता, एक खंड्या पाण्यावरून निळी रेघ ओढत गेला. आत्यानं खचलेला काठ पाहिला, बाभूळ पाहिली. मग डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिनं बाभळीच्या बुंध्याशी ठेवलं आणि खाली बसून काटे वेचायला लागली.

"बाई," बाबा म्हणाले.

"पयल्याच साली समजलं मले," आत्या काटे वेचता वेचता म्हणाली. "त्या झाडाचे आवळे लिंबाएवढे रायत. तुमी आनले ते इवलेसे, जंगलातले."

बाबांनी खाली मान घालून विचारलं, की मग बोलली काऊन नाई.

"बोलल्यावर तुमचं येनंच बंद झालं असतं. मंग मी कोनाचा बेत केला असता?"

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला रडू कोसळलं. पाच वर्षं आम्ही तिला सांभाळून घेतोय असं समजत होतो आणि ती आम्हाला सांभाळून घेत होती; नसलेल्या झाडावरच्या नसलेल्या पारव्यांची चौकशी करत होती, आमचा एक दिवसाचा आनंद मोडू नये म्हणून. तिनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, की लोंबकळायची फांदी मात्र छान होती. मग गाठोड्यातून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली आवळीची एक डहाळी काढली. आर्वीतल्या एका परसातून ती आदल्या दिवशी मागून आणली होती. डहाळी बाभळीशेजारी वाळूत रोवली, मायनं तिला हळदकुंकू वाहिलं, आणि त्या वर्षीचं आवळीभोजन पहिल्यांदा रीतीप्रमाणे झालं. जेवण झाल्यावर आत्या पाण्याकडे तोंड करून बसली. काठ खचला होता त्या मोकळ्या हवेत तिनं बोट दाखवलं आणि म्हणाली, "मी अठी बसो, न ते तठी." नवऱ्याबद्दल तिनं उच्चारलेलं माझ्या ऐकण्यातलं हे एकच वाक्य. ते बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ऊन होतं.

संध्याकाळी स्टेशनावर मोठ्या रुळांवरून एक लांबलचक गाडी धडधडत गेली. आत्या ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली आणि मग तिनं बाबांना विचारलं, की हिनं वर्ध्याला जायला किती वेळ लागतो, आणि सकाळी निघालं तर दिवे लागायच्या आत परत येता येईल का. बाबा इतके हसले की शेजारचे लोक वळून बघू लागले. पुढच्या साली आम्ही वर्ध्याला गेलो, त्यानंतर हिंगणघाटला. आता बेत ती सगळ्यांना विचारून आखी, हमालाला, तिकीटबाबूला, शेजारच्या डब्यातल्या अनोळखी बाईला; आणि ज्या वर्षी तब्येत बरी नसे त्या वर्षी घरी राहून आम्हाला पाठवी, आणि आल्यावर जे खरोखर पाहिलं ते सगळं ऐकून घेई.

आत्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती लहान गाडीही राहिली नाही. तिच्या रुळांवर गवत वाढलं आहे. काळ काठ नेतो, झाडं नेतो, माणसं नेतो, हे मी त्या घाटावर डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी आत्याच्या बाबतीत मला अजून तसं वाटत नाही. कारण आपण मागे राहून दुसऱ्यांना आनंदाकडे धाडायचं, हे ती जिवंतपणीच करत आली होती; म्हणून तिच्या नसण्यात मला रिकामेपण असं सापडत नाही. ती घरी थांबली आहे आणि आपल्याला परत जाऊन तिला सगळं खरं खरं सांगायचं आहे, अशा हिशेबानं मी अजूनही प्रत्येक दिवस नीट पाहून घेते.